सेप्सिसच्या पेशंटचा मेंदू बघणारी यंत्रं: आयसीयूसाठी काय घ्यावं, काय राहू द्यावं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाई असेल त्यांना पुढचं वाचायला नको. न्यूरोसर्जन नसलेल्या, पंधरा-वीस बेडच्या जनरल आयसीयूत सेप्सिसच्या पेशंटच्या मेंदूवर लक्ष ठेवायला काही घ्यायचंच असेल तर पहिला पैसा ईईजीत, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विजेच्या लहरी बघण्यात, घाला. प्युपिलोमीटर, म्हणजे बाहुली प्रकाशाला किती आकसते ते मोजणारं यंत्र, मस्त आहे, पण दुसऱ्या नंबरवर. सोनोग्राफी मशीन तुमच्याकडे आहेच, त्यावर डोक्याचं डॉपलर आणि डोळ्यामागची नस बघायला शिका, त्याला पैसे लागत नाहीत, फक्त हात बसायला वेळ लागतो. कपाळावर चिकटवायची ऑक्सिजनची पट्टी सध्या राहू द्या. आणि जे फुकट आहे, म्हणजे पेशंटशी रोज नीट बोलून त्याचं भान तपासणं, तेच तुमच्याकडे सुरू नसेल तर यातलं काहीच घेऊ नका, डेमोला आलेल्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

मी पश्चिम महाराष्ट्रात एका जिल्ह्याच्या गावी आयसीयू बघते. पावसाळ्यात लेप्टो, स्क्रब टायफस, डेंगी, आणि बारा महिने लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, फुटलेलं अपेंडिक्स उशिरा आणलेलं, शुगरवाल्यांचे पाय, असा आमचा माल. यातले बरेच जण सेप्सिसमध्ये जातात. इन्फेक्शनला शरीराने द्यायची प्रतिक्रिया इतकी बेताल होते की आपलेच अवयव बसायला लागतात, २०१६ च्या व्याख्येत साधारण हेच म्हटलंय. लघवी कमी झाली की आम्ही धावतो, बीपी पडलं की नॉरअॅड, म्हणजे बीपी वाढवायचं औषध, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन उतरलं की श्वासनलिकेत ट्यूब. मेंदूची मात्र मॉनिटरवर रेषच नसते. पेशंट झोपून आहे, सिडेशनवर, म्हणजे गुंगीच्या औषधावर आहे, म्हणजे ठीकच असेल असं धरून चालायचं, आणि चार दिवसांनी सिडेशन बंद केलं की मग कळतं की माणूस उठतच नाहीये.

हे क्वचित होतं असं समजू नका. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या आयसीयूंनी २५१३ सेप्सिस पेशंटचा अभ्यास छापला, त्यात ५३ टक्के पेशंटचं भान आयसीयूत येतानाच बिघडलेलं होतं. मला त्यातला सगळ्यात टोचलेला भाग म्हणजे शुद्ध मोजायचा ग्लासगो स्कोअर पंधरापैकी १३ किंवा १४, म्हणजे आपण ज्याला "थोडे ड्राउझी आहेत" म्हणून सोडून देतो, त्यांचासुद्धा मृत्यूचा धोका पूर्ण शुद्धीतल्या पेशंटपेक्षा जास्त निघाला. बरं, जे वाचून घरी जातात त्यांचं काय, तर २०१० चा अमेरिकेतला अभ्यास आहे, म्हाताऱ्या माणसांचा, त्यात बऱ्यापैकी किंवा जास्त विसरभोळेपणा असलेल्यांचं प्रमाण सेप्सिसच्या आधी ६.१ टक्के होतं ते नंतर १६.७ टक्के झालं. फॉलोअपला येणारी मुलं-सुना हेच सांगतात, बाबा बरे आहेत पण हिशोब जमत नाही आता, गॅस चालू ठेवून विसरतात.

डोक्याला भोक पाडून आतला दाब मोजणं हा प्रकार न्यूरोसर्जरीत ठीक, सेप्सिसमध्ये प्लेटलेट तीस हजार आणि आयएनआर दोनच्या वर, म्हणजे रक्त नीट गोठत नाही, असं असताना कोण भोक पाडणार. म्हणून बाहेरून, सुई न टोचता काय काय दिसतं एवढाच प्रश्न उरतो. आणि प्रत्येक यंत्राला मी एकच प्रश्न विचारते: आकडा आला, आता मी काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर ते यंत्र कितीही देखणं असू दे.

तर आधी फुकटातलं. रास स्केलवर गुंगी किती ते बघायचं, अधिक चार ते उणे पाच, आणि उणे तीन किंवा त्याहून बरा असेल तर कॅम-आयसीयू, म्हणजे भान गोंधळलंय का (डिलिरियम) ते बघायची छोटी चाचणी, करायची. २००१ पासून जगभर चालू आहे, दोन मिनिटांचं काम. हात हातात घेऊन ठरावीक अक्षर आलं की दाबायला सांगायचं, आमच्या सिस्टर अक्षरांऐवजी आकडे सांगतात, दहात दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष लागत नाहीये असं धरायचं. मग चार साधे प्रश्न, दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का, एक किलो दोन किलोपेक्षा जड असतं का, हातोडीने खिळा ठोकता येतो का. देवगडकडच्या एका आजोबांना सिस्टरने माशांचं विचारलं तर म्हणाले, "असतात गो, पण आता गावतत खंय." सिस्टर माझ्याकडे बघायला लागली की याला चूक लिहू का बरोबर. म्हटलं बरोबर लिही, आणि जनरल वॉर्डला बेड बघ.

यात एक मेख आहे. ओरडणारा, सलाईन उपटणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, नातेवाईक "वात झालाय" म्हणून सांगत येतात. पण शांत पडून राहणारा, विचारलं तर हूं म्हणणारा, तो नाइटच्या रिपोर्टमध्ये "स्लेप्ट वेल" म्हणून जातो आणि तोच जास्त बिघडलेला असतो. कॅम पॉझिटिव्ह आलं की मी काय वेगळं करते? शुगर बघते, सोडियम बघते, एबीजीत, म्हणजे धमनीच्या रक्तात, कार्बन डायऑक्साइड बघते, किडनी बघते, त्या फ्रेंच अभ्यासात हीच कारणं निघाली होती, साखर ५४ च्या खाली किंवा १८० च्या वर, सोडियम १४५ च्या वर, कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर. मग औषधांचा चार्ट उघडते आणि मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध कुणी कशाला चालू ठेवलंय ते विचारते. मान आखडलीय का, एका बाजूची ताकद कमी आहे का, हे हाताने बघते, कारण स्क्रब टायफस आणि मलेरिया थेट मेंदूवर जातात, आणि हार्टच्या व्हॉल्व्हचं इन्फेक्शन गुठळी उडवतं, तिथे "सेप्सिसमुळे असेल" म्हणून बसून चालत नाही, पाठीतलं पाणी काढावं लागतं नाहीतर सीटीला न्यावं लागतं. पाच पैशाचा खर्च नाही यात. पाचपैकी पाच.

आता ईईजी, कारण खरं सांगायचं ते याच्याबद्दलच आहे.

पेन्सिल्व्हेनियात २००९ मध्ये एक अभ्यास झाला, मेडिकल आयसीयूतले २०१ पेशंट, ज्यांच्या मेंदूला ताजी इजा झाल्याचं माहीत नव्हतं, बहुतेक सेप्सिसचे, त्यांना सलग ईईजी लावला तर २२ टक्क्यांत फिट किंवा फिटच्या उंबरठ्यावरच्या लहरी सापडल्या, आणि फिट आलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर काहीच दिसत नव्हतं. हात-पाय हलत नाहीत, तोंडाला फेस नाही, बाहेरून फक्त "उठत नाहीये" एवढंच. टॉर्च मारा, चिमटा काढा, सीटी करा, एमआरआय करा, तुम्हाला ते दिसणारच नाही. ईईजीनेच दिसतं. आणि दिसलं तर करण्यासारखं हातात असतं.

आमच्याकडे एक काकू होत्या, लघवीचं इन्फेक्शन, किडनी बसलेली, बाहेरून सेफेपिम हे अँटिबायोटिक चालू होऊन आलेल्या, डोस धडधाकट किडनीचा. आमच्याकडे बीपी सावरलं, लॅक्टेट उतरलं, सिडेशन काढलं, सगळं बरोबर चाललंय आणि काकू डोळे उघडून छताकडे. मुलगा म्हणाला, मॅडम आई बघते पण तिला दिसत नाहीये. एका पापणीला बारीक थरथर, ती पण मधूनच, मी दहा मिनिटं खुर्ची टाकून बसले म्हणून दिसली. ईईजी लावला तर अख्खा स्क्रीन अणकुचीदार लहरींनी भरलेला, थांबायचं नाव नाही. सेफेपिम बंद, फिटवरची औषधं लोराझेपाम आणि लेव्हेटिरासिटॅम, डायलिसिस, आणि दोन-तीन दिवसांनी काकू सिस्टरवर तोंड टाकत होत्या की माझ्या बांगड्या कुणी काढल्या. सेफेपिमचं हे काही नवीन नाही, अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्येच सावध केलं होतं की किडनी खराब असताना डोस कमी केला नाही तर अशी न दिसणारी फिट येऊ शकते. पण ते माहीत असणं वेगळं आणि रात्री साडेनऊला समोरच्या बेडवर ते ओळखणं वेगळं, आणि ते ओळखायला लहरी लागतात.

म्हणजे ईईजी सगळं सांगतो असं नाही हां. लहरी संथ झाल्या म्हणजे मेंदू मंदावलाय, किती मंदावलाय ते कळतं, का ते नाही. तीन टोकांच्या म्हणतात त्या लहरी लिव्हरच्या आजारात दिसतात, किडनीच्या आजारात दिसतात, औषधांच्या विषारीपणात दिसतात, सगळीकडे सारख्याच, आणि फिट म्हणायचं का नाही यावर दोन न्यूरोलॉजिस्ट एकमेकांशी भांडतात. मिडॅझोलाम चालू असेल तर वर वेगळीच बारीक नक्षी. प्रोपोफॉल, तेही गुंगीचंच औषध, जास्त झालं तर मध्येमध्ये सपाट. तरीसुद्धा, हाक मारून, हात दाबून, टाळी वाजवून लहरींत काही फरक पडतो का, हे एक साधं बघणं आहे आणि ते मला पुढे काय होणार याचा अंदाज द्यायला बऱ्याचदा पुरतं. काहीच फरक पडत नसेल तर मी नातेवाइकांशी जरा वेगळ्या भाषेत बोलते.

आता वापरण्यातली गंमत. डोक्याला तेल. आपल्याकडे आजारी माणसाच्या टाळूवर खोबरेल थापल्याशिवाय घरच्यांना चैन पडत नाही, आणि आयसीयूच्या दारातून मावशींच्या हातात बाटली सरकवून थापून घेतात. इलेक्ट्रोड चिकटतच नाही, रेझिस्टन्स पाच किलोओहमच्या खाली यायला पाहिजे तो पन्नास दाखवतो. स्पिरिटने पुसा, घासायची पेस्ट लावा, परत पुसा, तेवढ्यात पेशंट घामाने डबडबलेला. त्यात बायकांचे लांब केस, जट झालेले, ते कापायला नवरा तयार नसतो. शेवटी आम्ही एक नियम केला, अॅडमिशनलाच डोकं शांपूने धुवायचं आणि तेलाची बाटली सुरक्षारक्षक मामांकडे जमा.

मग विजेचा गोंधळ. एअर मॅट्रेसचा पंप, सिरिंज पंप, डायलिसिसचं मशीन, व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी डुबुकडुबुक करतं ते सुद्धा लहर म्हणून उमटतं. आमच्या मशीनमधली आपोआप फिट ओळखणारी सोय पेशंटने ट्यूब चावली की लाल दिवा लावते. पहिल्या आठवड्यात सगळे धावत होते, आता कुणी मान वर करत नाही, आणि हे जास्त वाईट. ती सोय बंद करा किंवा तिच्या भरवशावर राहू नका, लहरी माणसालाच वाचाव्या लागतात.

माणूस कुठून आणायचा हा खरा प्रश्न. आमचा ईईजी टेक्निशियन सकाळी दहा ते सहा, रविवारी नाही. म्हणून दोन सिस्टरना आणि एका रेसिडेंटला इलेक्ट्रोड लावायला शिकवलं, पूर्ण एकवीसचा सेट नाही, कमी इलेक्ट्रोडचा, केसांच्या रेषेच्या खाली आणि कानामागे लावता येतील असे आठ-दहा. बारीक गोष्टी सुटतात त्यात, पण दोन्ही बाजूंनी जोरात चाललेली फिट सुटत नाही सहसा. वाचायला पुण्यात एक न्यूरोलॉजिस्ट आहेत, फाइल पाठवली की तासाभरात फोन येतो. इथे एक तक्रार नोंदवते, कंपनीचं नाव घेत नाही. सॉफ्टवेअर चालायला पेन ड्राइव्हसारखा डोंगल लागतो, तो साफसफाईत हरवला तर दुसऱ्याचे पैसे ऐकून मला वाटलं चुकून दुसऱ्या मशीनचं कोटेशन आलं. आणि फाइल त्यांच्याच व्ह्यूअरमध्ये उघडते, न्यूरोलॉजिस्टच्या लॅपटॉपवर ते चालेना, दोन दिवस मोबाइलवर स्क्रीनचे फोटो काढून पाठवत होतो. घेताना लिहून घ्या की फाइल ईडीएफमध्ये, म्हणजे कुठल्याही व्ह्यूअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात, काढता आली पाहिजे.

सलग चोवीस तासांचं महागडं मशीन पाहिजेच का, हे मला बरेच जण विचारतात. स्वित्झर्लंडमध्ये २०२० मध्ये ३६४ पेशंटवर ट्रायल झाली, भान हरपलेल्या पेशंटना एका गटात तीस ते अठ्ठेचाळीस तास सलग ईईजी आणि दुसऱ्या गटात वीस-वीस मिनिटांचे दोन. सलगवाल्यांत फिट जास्त सापडल्या, पण सहा महिन्यांनी मृत्यूत काही फरक नाही. माझ्यासारख्या आयसीयूला ही दिलासा देणारी बातमी आहे. पेशंट उठत नसेल तर आज वीस-तीस मिनिटं लावा, उद्या परत लावा, शंका असेल तर रात्रभर ठेवा. साधं पोर्टेबल मशीन पुरतं. उगाच मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलची बरोबरी करायला जाऊ नका. एकच काळजी, रात्रभर ठेवलं तर कपाळावरच्या इलेक्ट्रोडखाली त्वचा बघत चला, नॉरअॅडवरच्या पेशंटची कातडी पटकन जाते.

प्युपिलोमीटर. बुबुळावर टॉर्च मारून बाहुली किती आकसते हे आपण वर्षानुवर्षं बघतोय आणि वर्षानुवर्षं थापा लिहितोय. सकाळच्या सिस्टरने "ब्रिस्क" लिहिलं, दुपारच्याने "स्लगिश", पेशंट तोच, मध्ये काही झालेलं नाही. आपले डोळे काळेभोर, बाहुली आणि बुबुळ यातली सीमाच दिसत नाही, त्यात मोबाइलचा टॉर्च आणि खाटेवर वाकायला जागा नाही. हे यंत्र हातात धरायचं, एक प्लॅस्टिकची वाटी डोळ्यावर टेकवायची, बटण सोडलं की प्रकाश मारून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तीन सेकंदांत बाहुलीचा व्यास, आकसायचा वेग, सगळं मोजतं, आणि शून्य ते पाच असा एक स्कोअर देतं, तीनच्या खाली म्हणजे गडबड. फेंटानिल या वेदनाशामकावर टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली टॉर्चने बघून काही कळत नाही, हे मात्र त्यातूनही हालचाल पकडतं. वापरायला सोपं आहे, नव्या सिस्टरला एकदा दाखवलं की झालं, आणि पाठवायची फाइल नाही, डोंगल नाही.

मग पहिला नंबर का नाही? कारण सेप्सिसमध्ये बिघडतो तो मेंदूचा वरचा भाग आधी, लक्ष, भान, बोलणं. बाहुलीची वायरिंग खालून जाते, ती शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे पेशंट पार गुंगीत आणि स्कोअर साडेचार असं नेहमी दिसतं. स्कोअर खरंच पडला तर ती मोठी घटना असते, आत रक्तस्राव, सूज, तेव्हा मी सगळं सोडून सीटीला पळते, म्हणजे आकड्यावर काही तरी करते, हे यंत्राच्या बाजूने. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या टीमने २०२० मध्ये असंही दाखवलं की सिडेशनवरच्या पेशंटमध्ये बाहुली कमी आणि हळू आकसत असेल तर पुढे डिलिरियम व्हायची शक्यता जास्त. अभ्यास छोटा आहे. वाचून उत्सुकता वाढते, पण मी त्यावर उपचार बदलत नाही.

फसवतंही. दमेकरी पेशंटला इप्राट्रोपियम या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची वाफ चालू, मास्क एका बाजूने सैल, ती वाफ डोळ्यात गेली आणि एक बाहुली मोठी, प्रकाशाला ढिम्म. यंत्र बिचारं खरं तेच सांगतं, स्कोअर शून्याजवळ. ड्यूटी डॉक्टरने सीटीवाल्याला फोन पण लावला होता, सिस्टर म्हणाली मॅडम मास्कचा गळका बघा ना. शेतीचं औषध पिऊन आलेल्याला अॅट्रोपिन चालू असेल, तेही बाहुली मोठी करतं, तर तिथे हे यंत्र कपाटात ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या कितीतरी आज्यांची बाहुली वेडीवाकडी असते, कॅमेरा नुसता "परत मोजा" म्हणत बसतो. आणि ती प्लॅस्टिकची वाटी प्रत्येक पेशंटला नवी, तिचा खर्च महिन्याच्या महिन्याला, विकताना यंत्राची किंमत सांगतात, वाटीची तुम्ही विचारल्याशिवाय नाही. तुमच्याकडे डोक्याला मार लागलेले, ब्रेन हॅमरेजचे पेशंट पण येत असतील तर जरूर घ्या. फक्त सेप्सिससाठी नको.

सोनोग्राफी. १९८२ मध्ये आस्लिडने दोन मेगाहर्ट्झचा प्रोब कानशिलावर ठेवून मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेग मोजून दाखवला, तेव्हापासून हे चालू आहे, आणि तुमच्या इको मशीनच्या हार्टच्या प्रोबने होतं, सेटिंगमध्ये टीसीडी, म्हणजे डोक्याचं डॉपलर, असतं, शोधा. डोळ्याची कड आणि कान यांच्यामध्ये, हाडाच्या जरा वर, साडेचार ते सहा सेंटिमीटर खोल. म्हाताऱ्या बायकांत कवटीचं हाड इतकं जाड की आत काही दिसत नाही, अर्धा तास घालवून हात दुखून येतो. ज्यांच्यात दिसतं त्यांच्यात वेगावरून पल्सॅटिलिटी इंडेक्स काढायचा, म्हणजे वेग दर ठोक्याला किती वरखाली होतो त्याचा आकडा. एका छोट्या अभ्यासात पहिल्या दिवशी तो १.३ च्या वर असलेले पेशंट नंतर जास्त गोंधळलेले सापडले. पण तो आकडा कार्बन डायऑक्साइडने हलतो, बीपीने हलतो, हार्टच्या ताकदीने हलतो, मग मी नक्की कशाला दोष देऊ?

तरी मी करते, आणि ते एका कारणासाठी. सेप्सिसमध्ये मेंदूची स्वतःचा रक्तपुरवठा सांभाळून घ्यायची कला बिघडते, बीपी खाली गेलं की पुरवठाही खाली. सुरुवातीला सरासरी बीपी ६५ चं लक्ष्य ठेवा असं २०२१ च्या गाइडलाइनमध्ये म्हटलंय, आणि फ्रान्समध्येच २०१४ ला ७७६ पेशंटवर ६५ ते ७० विरुद्ध ८० ते ८५ असं करून बघितलं, मृत्यूत फरक नाही, वरच्या गटात हार्टचा ठोका चुकणं मात्र वाढलं, आणि जुन्या बीपीवाल्यांत डायलिसिस कमी लागलं. म्हणजे सरसकट वाढवण्यात अर्थ नाही. पण जुना बीपीचा पेशंट, ६५ वर उठत नाहीये, डॉपलरमध्ये डायस्टोलचा, म्हणजे दोन ठोक्यांमधला, प्रवाह अगदी तळाला गेलेला, अशाला मी तासभर ७५-८० वर नेऊन परत डॉपलर करते आणि परत हाक मारते. कधी कधी डोळे उघडतो. नाही उघडले तर नॉरअॅड परत खाली. याला पुरावा म्हणणार नाही मी, बेडजवळची खटपट आहे.

डोळ्यामागच्या नसेचं आवरण त्याहून सोपं. बंद पापणीवर पारदर्शक ड्रेसिंग, त्यावर भरपूर जेल, रक्तवाहिन्या बघायचा सरळ प्रोब दाबायचा नाही नुसता टेकवायचा, मशीनची ताकद डोळ्याच्या सेटिंगवर कमी करून, आणि डोळ्याच्या मागच्या भिंतीपासून तीन मिलिमीटर मागे आवरणाची रुंदी मोजायची. पाच-सहा मिलिमीटरच्या वर गेलं की आतला दाब वाढलाय का अशी शंका. कटऑफ प्रत्येक पेपरचा वेगळा, आणि अर्ध्या मिलिमीटरने चुकणं तर हातचा मळ. नुसत्या सेप्सिसमध्ये बहुतेकदा नॉर्मलच येतं. लिव्हर फेल झालेला, सोडियम धाडकन पडलेला, मेनिंजायटिसची शंका असलेला, इथे उपयोगी. रुंद आलं तर पाठीतलं पाणी काढायच्या आधी सीटी. नॉर्मल आलं म्हणून सीटी टाळला असं मात्र करू नका.

कपाळाची पट्टी, म्हणजे एनआयआरएस, हिच्यावर मला जास्त शाई घालवायची नाही. लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश कपाळातून आत सोडून मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती ते टक्क्यांत दाखवते, कल्पना १९७७ ची, कार्डियाक सर्जरीत चांगली चालते. आमच्याकडे डेमोला ठेवली होती. कपाळाच्या कातडीतलं रक्त मिसळतं, सावळ्या त्वचेत आणि काविळीत आकडा खाली येतो, आणि लेप्टोचा पेशंट तर हळदीसारखा पिवळा. पन्नास आला, आता काय करू? हिमोग्लोबिन बघू, कार्बन डायऑक्साइड बघू, बीपी बघू, ते मी तसंही बघतेच. पट्टी एका पेशंटला एक, किंमत ऐकून नातेवाइकांना बिल समजावताना मलाच शब्द सुचेना. प्रत्येक पेशंटला योग्य बीपी किती हे या पट्टीवरून काढायचे प्रयोग चालू आहेत, ते जमलं तर मी मत बदलीन.

बीआयएस, म्हणजे कपाळावरच्या लहरींवरून गुंगीचा एकच आकडा काढणारं यंत्र, बऱ्याच ठिकाणी ओटीतून उसनं आणलेलं असतं. शून्य ते शंभर, ऑपरेशनला चाळीस ते साठ ठेवतात. स्नायू शिथिल करायचं औषध चालू असेल तेव्हा सिडेशन जास्त होतंय का बघायला ठीक, आकडा वीस दिसला की प्रोपोफॉल कमी करा. फिट शोधायला वापरू नका, कपाळाच्या स्नायूनेही आकडा वर जातो.

ब्राझीलचा एक पट्टा हल्ली कॉन्फरन्समध्ये दिसतो. सेर्जिओ मास्करेन्यास नावाच्या तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाला स्वतःला डोक्यात पाणी साचायचा आजार झाला, दाब मोजायला कवटीला भोक पाडतात हे त्यांना पटेना, म्हणून कवटी प्रत्येक ठोक्याला मायक्रॉनमध्ये हलते ती बाहेरून टिपायचं यंत्र त्यांनी काढलं. माणूस ग्रेट, २०२१ मध्ये गेले. स्टॉलवर डोक्याला बांधून बघितला, लहर सुंदर उमटते. बेडवर वापरलेला नाही, म्हणून त्यावर मत देत नाही.

घ्यायचं ठरवलंच तर कोटेशनमध्ये यंत्राच्या किमतीखाली वर्षाला लागणाऱ्या डिस्पोजेबलची वेगळी ओळ मागा, वॉरंटीनंतरचं एएमसी आजच लिहून घ्या, बिघडलं तर किती तासांत बदली यंत्र ते पण. सर्व्हिस इंजिनिअर मुंबईला बसतो की कोल्हापूर-सांगलीकडे कुणी आहे ते विचारा. आणि डेमो रात्री मागा. दिवसा कंपनीची अॅप्लिकेशनवाली मुलगी स्वतः इलेक्ट्रोड लावते, स्वतः पेशंट निवडते, टक्कल असलेला, शांत, आणि सगळं कसं लोण्यासारखं चालतं. रात्री दोनला, नाइटच्या एकट्या सिस्टरच्या हाताने, डायलिसिस चालू असलेल्या, तेल लावलेल्या पेशंटवर लावून दाखवा म्हणावं. आम्ही तीन कंपन्यांना असं सांगितलं, एकच आली. घेतलं ते तिचंच.